उघडं पोस्टकार्ड

या आठवड्याच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते हे विचारणारी तीन पत्रं होती, सुनेची पाककृती सासूच्या नावावर छापली गेल्याची एक लटकी तक्रार होती, आणि एक जाड पाकीट होतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका आशाताईंचं. त्यांनी गाव, तालुका, नावं, सगळं लिहिलं आहे. मी त्यातलं काहीच इथे देणार नाही. का, ते पुढे कळेलच.

पत्र चार पानी आहे. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून हकीगत माझ्या शब्दांत सांगते. ताई बरीच वर्षं आशा म्हणून काम करताहेत. गावात सिकलसेलची तपासणी झाली. निकाल आले, ताईंनी ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर निरोप आला, 'नोंदी झाल्या असतील तर फोटो टाका.' ताई तेव्हा रोवणीवर होत्या. आशांना मोबदला मिळतो तो बराचसा कामागणिक, तोही केव्हा हाती पडेल याचा नेम नाही, त्यामुळे रोवणीच्या दिवसांतली मजुरी कोण सोडेल? संध्याकाळी घरी आल्या, चिखलाचे पाय धुतले न धुतले तोच वहीच्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पानावर १९ नावं होती. नावापुढे वय, वयापुढे निकाल.

त्या ग्रुपमध्ये ८० च्या आसपास माणसं. आशा, गटप्रवर्तक, आरोग्य सेविका, अधिकारी, आणि बदली होऊन गेलेले पण काढायचे राहून गेलेले दोघेचौघे. त्यांतल्या कुणीतरी तो फोटो गावच्या ग्रुपवर पाठवला. वाईट हेतू नसेलही. वर 'आपल्याच गावची माणसं आहेत, काळजी घ्या' असं लिहिलं होतं म्हणे. यादीत एका मुलीचं नाव होतं. तिची सोयरीक ठरत आली होती, साक्षगंधाची तारीख काढायची तेवढी बाकी होती. पाहुण्यांचा निरोप आला, आता राहू द्या. मुलीची आई ताईंच्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर पोरीचं रक्त देलं होतं जी."

ताईंनी शेवटी तीन प्रश्न विचारले आहेत. मी ग्रुप सोडून देऊ का? सगळ्यांसमोर माफीचा मेसेज टाकू का? आणि यात माझी चूक किती?

ताई, तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसले आणि मला आमच्या आईची आठवण झाली. आपल्या देशात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. स्वस्त म्हणून घराघरांत रुळलं. पण त्यावर काय लिहावं आणि काय लिहू नये, याचा एक रिवाज जुन्या बायकांना बरोबर ठाऊक असे. 'सर्व खुशाल', 'धान बरे आले', 'मामंजी काशीहून परतले' हे कार्डावर. मुलीला दिवस गेले, जावयाची नोकरी सुटली, नणंदेचं दुखणं बरं दिसत नाही, हे सगळं पाकिटात, नाहीतर आंतरदेशीय पत्रात, कडा नीट चिकटवून. कारण कार्ड वाटेत पोस्टमन वाचायचा, वाड्यातली मुलं वाचायची, आणि ज्या घरी वाचता येत नसे तिथे शेजारचा मास्तर ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवायचा. मृत्यूची बातमी कार्डावर यायची, पण कोपरा फाडून, म्हणजे हातात घेणारा आधीच सावध व्हावा. आईचं साधं सूत्र होतं. कार्ड लिहून झालं की ती विचारायची, हे चावडीवर वाचलं तर चालेल का?

नवलाची गोष्ट अशी की हेच सूत्र एका अगदी वेगळ्या जगातल्या बाईंना सुचलं होतं. व्हॉट्सॲप २००९ चं. त्याच्या कितीतरी आधी, एकाच व्यवसायातली माणसं ई-मेलच्या याद्या करून आपसांत चर्चा करत. एकाने लिहिलं की ते यादीतल्या सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडे. त्यातून भांडणं होत, गैरसमज होत, एकाला लिहिलेलं पत्र सगळ्यांना जाई. तेव्हा १९९५ च्या ऑक्टोबरात इंटेल या अमेरिकन कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी शिष्टाचाराचं एक टिपण तयार केलं. आरएफसी १८५५ या रुक्ष नावानं ते ओळखलं जातं, आणि संगणकवाले आजही त्याचा हवाला देतात. त्यात पहिल्याच काही सूचनांत आहे की जे तुम्ही पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते ई-मेलमध्येही लिहू नका. आमच्या आईला इंग्रजीचा गंध नव्हता आणि त्या बाईंना आमच्या वाड्याचा पत्ता नव्हता!

त्याच टिपणात आणखीही शहाणपणाच्या गोष्टी आहेत. राग आला असेल तर उत्तर रात्रभर राहू द्या, सकाळी पाठवा. उत्तर नेमकं कुणाकुणाला जातंय ते पाठवण्याआधी बघा. इंग्रजी सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं की वाचणाऱ्याला ओरडल्यासारखं वाटतं. नव्या मंडळीत गेलात तर आधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, मग तोंड उघडा. (ही सूचना नव्या सुनांना आपल्याकडे फार पूर्वीपासून दिली जाते, पण सासरच्यांनाही लागू करायला हरकत नव्हती.) आणि एखादी खासगी गोष्ट चुकून सगळ्यांपुढे गेली, तर ज्याची ती होती त्याची माफी मागा आणि मंडळींचीही मागा. दोन्ही.

ही शेवटची सूचना तुमच्या कामाची आहे ताई, पण क्रम सांभाळा. आधी त्या घरी जा. फोनवर नको, मेसेज तर मुळीच नको. सकाळी स्वयंपाकाची घाई संपल्यावर, नाहीतर संध्याकाळी बायका शेतावरून परतल्यावर. 'मॅडमनी फोटो मागितला होता' हे वाक्य उंबऱ्याबाहेरच ठेवून जा. ते खरं आहे, पण त्या आईपुढे त्याचा उपयोग नाही. फोटो मी काढला, नावं झाकायची होती ती झाकली नाहीत, एवढं म्हणा आणि त्या जे बोलतील ते ऐकून घ्या. मुलीशी वेगळं बोला. नाव तिचं गेलंय, आईचं नाही.

दुसऱ्या खेपेला, त्यांनी हो म्हटलं तर, तुमच्या आरोग्य सेविका किंवा वैद्यकीय अधिकारी यांना बरोबर घेऊन जा. तुम्ही लिहिता की निकाल 'एएस' होता. म्हणजे मुलगी वाहक आहे, आजारी नाही. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. ती शेतात राबेल, बाळंतपणं करेल, तिच्या आईलाही आजवर कळलं नसेल की तिच्याकडूनच हे आलं असावं. 'एसएस' निकाल असतो तेव्हा आजार असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पण मुलाची तपासणी होऊन त्याचं रक्त निर्दोष निघालं, तर मुलं फार तर वाहक होतील, सिकलसेलचा आजार त्यांना होणार नाही. म्हणजे खरा प्रश्न हा होता की त्या मुलाची तपासणी झाली होती का? तो कुणी विचारलाच नाही. यादीत मुलीचं नाव दिसलं आणि विषय संपला. आपल्याकडे रक्तातली खोट शोधायची ती मुलीच्याच, हे काही सिकलसेलपासून सुरू झालेलं नाही.

एक मात्र करू नका. तुम्ही स्वतःहून पाहुण्यांकडे समजावायला जाऊ नका. मनापासून वाटेल की आपण बिघडवलं, आपणच निस्तरावं. पण मुलीच्या आणि आईच्या परवानगीवाचून तिथे तिच्या रक्ताबद्दल बोलणं म्हणजे तीच चूक पुन्हा, या वेळी तोंडी. त्या म्हणाल्या तर डॉक्टरांनी बोलावं. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच राहू द्या.

मग ग्रुप. मेसेज अगदी लहान ठेवा. 'मी टाकलेला वहीचा फोटो टाकायला नको होता. कृपया सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढून टाकावा, पुढे पाठवू नये. कुणी पाठवला असेल तर मला एकटीला कळवावं.' बस. मुलीचं नाव नको, सोयरीक नको, कुणी पाठवला असेल याचा तर्क नको. गावच्या ग्रुपवर तर काहीच लिहू नका, कारण तिथे खुलासा टाकला की ज्यांनी फोटो पाहिला नव्हता तेही वर सरकवून बघतील. त्या ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून फोटो काढायला सांगा. व्हॉट्सॲपवर आपला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढायला साधारण दोन दिवसांची मुदत मिळते, आणि वेळेत कळलं तर ॲडमिनही दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो. पण पुढे गेलेली प्रत त्यानं पुसली जात नाही, हेही लक्षात असू द्या.

ग्रुप सोडू का, म्हणता. नका सोडू. लसीकरणाची तारीख, शिबिराची वेळ, गाडी कधी येणार, आता सगळं तिथेच कळतं. ग्रुप सोडून लाज जात नाही, काम मात्र जातं.

आणि चूक किती? माझ्या मते तीन वाटे पडतात. ज्यांनी 'फोटो टाका' म्हटलं, त्यांनी कुठे टाका आणि कसा टाका हे सांगायला हवं होतं. एवढी नाजूक नोंद ८० जणांच्या ग्रुपवर मागवायचीच नव्हती. ज्यांनी पुढे पाठवला, त्यांचा वाटा मोठा. पण तुमचाही आहे ताई, तो मी पुसून टाकणार नाही. वही तुमच्या हातात होती.

मी हे जरा कडक लिहिते, त्याला कारण आहे. विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं तिचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. हे आकडे दिल्लीत ठरतात, पण रक्त द्यायला हात पुढे करायचा तो गावातल्या पोरीनं. पुढच्या वर्षी शिबिर लागेल तेव्हा त्या आईची शेजारीण काय म्हणेल? यादी फिरते बाई, नाव नको देऊ. मग मशीन येईल, डॉक्टर येतील आणि रांग लागणार नाही. तुमच्याकडे ना खुर्ची आहे ना शिक्का. गावातल्या बायका तुमच्यापाशी खरं बोलतात, तेवढ्यावर तुमचं सगळं काम चालतं.

कायदाही आता या बाजूला झुकतो आहे. एचआयव्ही बाधितांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई केली. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव डॉक्टरनं फोडू नये, असं कलम २०२१ च्या दुरुस्तीनं आलं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा एक सर्वसाधारण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? यावर एक घरगुती उपाय सांगते. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, वहीच्या नावांच्या रकान्याएवढी रुंद, आणि वहीतच ठेवा. फोटो काढायची वेळ आली की नावांवर ती पट्टी ठेवायची. अनुक्रमांक दिसतो, निकाल दिसतो, काम झाल्याचा पुरावा मिळतो. नावासकट हवं असेल तर ज्यांना हवं त्यांना एकट्यांना पाठवा किंवा वही समोर नेऊन दाखवा. वरून विचारणा झाली तर नम्रपणे लिहा, 'मॅडम, यात रुग्णांची नावं आहेत, आपल्याला वेगळं पाठवते.' यावर रागावणारी मॅडम मला तरी अजून भेटायची आहे.

आता थोडं बाकीच्या मैत्रिणींसाठी. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, बचत गटाच्या सचिव, सगळ्यांचाच हल्ली एक तरी कामाचा ग्रुप असतो, आणि त्याच्या तक्रारी मला नेहमी येतात.

सगळ्यांत मोठी तक्रार गर्दीची. सकाळी सहाला गुलाबाची फुलं, सुविचार, सातला कुणाचा तरी वाढदिवस. साधा हिशेब करा. ८० जणींच्या ग्रुपवर एक सूचना आली आणि प्रत्येकीनं 'ओके मॅडम' लिहिलं, तर प्रत्येक फोनवर ८० मेसेज. सूचना एक ओळीची आणि तिच्या डोक्यावर ओकेंचा ढीग. दुपारी रोवणीतून वर येऊन, प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढणाऱ्या बाईनं मूळ सूचना शोधायची कशी? वाचलं हे कळवायचं तर त्या मेसेजवर बोट दाबून धरलं की अंगठ्याचं चिन्ह लावता येतं. बाकीच्यांचा फोन वाजत नाही. सूचना देणाऱ्यांनी तर विचारूही नये, आपल्याच मेसेजची 'माहिती' उघडली की कुणी वाचलं त्याची यादी दिसते. महत्त्वाचा मेसेज वर पिन करून ठेवायचीही सोय आहे. उत्तर एकीलाच द्यायचं तर 'खासगीत उत्तर' हा पर्याय वापरा. 'माझी सुट्टी मंजूर झाली का' हा प्रश्न ८० जणींना पडलेला नसतो.

गर्दीनं काय होतं ते भंडाऱ्यानं २०२० मध्ये पाहिलं आहे. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सुटलेलं, खाली गोसेखुर्द, मधे आपण. भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. त्या दोन-तीन दिवसांत फोन अखंड वाजत होता. 'आज रात्री पाणी वाढणार, सावध राहा.' आज म्हणजे कधीचं आज? कालचा मेसेज आज येत होता, आजचा उद्या जाणार होता. कारध्याच्या पुलाचं चित्र आलं की ते सकाळचं का कालचं, कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. मेसेजमध्ये 'आज', 'उद्या' लिहायचं नाही. वार, तारीख आणि वेळ लिहायची. 'मंगळवार, १२ तारीख, सकाळी १०, उपकेंद्र.' हा मेसेज चार दिवसांनी कुठेही पोचला तरी कुणाला फसवणार नाही. आणि ज्यावर तारीख नाही, मूळ कुणाचं ते कळत नाही, ते पुढे पाठवायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. अशा मेसेजांनी त्या वर्षी देशभर माणसं मेली. त्यानंतरच, त्याच महिन्यात, व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आवाजाचे मेसेज ज्यांना लिहायला अवघड जातं त्यांना फार सोयीचे आहेत, त्यावर नाक मुरडू नका. फक्त पाठवताना खाली दोन शब्द लिहा, 'पोलिओ तारखेबद्दल' एवढेच. ऐकणारी बाई बसमध्ये असेल, मीटिंगमध्ये असेल, झोपलेल्या तान्ह्याजवळ असेल.

दुसरी तक्रार येते ती रडवेल्या अक्षरांत. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ल्याची. 'खालील सेविकांचे रिपोर्ट अजून आलेले नाहीत' आणि खाली नावांची उतरंड. रात्री साडेदहाला! हे वरच्या मॅडम-सरांनीही वाचावं म्हणून लिहिते. ज्यांचे आलेत त्यांना त्या यादीचा उपयोग नाही, आणि ज्यांचे नाहीत त्यांना एकेक ओळ वेगळी पाठवायला फार तर दहा मिनिटं लागतात. यादीतल्या एकीच्या घरी मयत झालेली असते, एकीच्या गावात रेंज नसते, एकीचा फोन मुलानं ऑनलाइन अभ्यासाला नेलेला असतो. मीटिंगमध्ये रागावलेलं हवेत विरतं. लिहिलेलं राहतं, आणि नवरा, सासू, मुलगी, ज्यांच्या ज्यांच्या हातात तो फोन जातो ते वाचतात. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा, त्याला कुणाची हरकत नाही.

आणि अशी बोलणी खाल्ली तर उलट उत्तर तिथेच देऊ नका, कितीही जीभ शिवशिवली तरी. उत्तर एका कागदावर लिहा. सकाळी वाचा. त्यातली निम्मी वाक्यं तुमची तुम्हीच खोडाल. उरलेली भेटून बोला.

पण हे रागावण्याबद्दल झालं, घाणेरड्या भाषेबद्दल नव्हे. तिथे गप्प बसायचं कारण नाही. आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात (१ मे १९९९ पर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता) २०१६ साली एका ग्रुपमधल्या पुरुषानं ग्रुपमधल्याच एका स्त्रीबद्दल अश्लील भाषा वापरली. तिनं पोलिसांत तक्रार दिली, ती ॲडमिनविरुद्धही होती. त्यानं त्या माणसाला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला ॲडमिनवरचा खटला रद्द केला. ॲडमिनला माणसं घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार असतो, पण दुसऱ्यानं काय लिहिलं त्यासाठी, त्याचा त्यात हात असल्याशिवाय, तो गुन्हेगार ठरत नाही, असा त्याचा आशय. निकाल कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण काही ॲडमिन मंडळींनी त्याचा अर्थ 'आपली काही जबाबदारी नाही' असा घेतलेला मी ऐकला, तो मला पटत नाही. लिहिणाऱ्याची जबाबदारी त्या निकालानं कुठेच जात नाही. आणि काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्यानं तो वापरला नाही, तर तुरुंगात जाणार नाही हे खरं, पण बायका त्याच्या ग्रुपवर पुन्हा बोलणार नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर मेसेज काढला जाण्याआधी स्क्रीनचं चित्र काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असं, आणि ॲडमिनला लेखी सांगा. तिथे दाद लागली नाही तर पोलीस ठाणं आहेच, आणि एकट्या जाऊ नका.

ताई, तुमच्याकडे परत येते. एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून सुचली. फोन घरात एकच आहे आणि रात्री तो मुलाकडे असतो, असं तुम्ही लिहिता. म्हणजे ग्रुपवर आलेले सगळे फोटो, वजनकाट्यावरची उघडी बाळं, बाळंतिणींची कार्डं, वहीची पानं, मुलाच्या गाण्यांच्या आणि क्रिकेटच्या चित्रांशेजारी जाऊन बसतात. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' असं असतं, ते बंद करून टाका, म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. जुने शनिवारी बसून काढून टाका, आणि व्हॉट्सॲपला वेगळं कुलूप लावता येतं ते लावा. मुलालाच लावायला सांगा, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमतं. पण का लावतोय तेही त्याला सांगा.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळवा. छापणार नाही, मला कळावं म्हणून. आणि पाकिटात घालून पाठवा.

लोणच्याच्या बुरशीची तिन्ही पत्रं जपून ठेवली आहेत, पुढच्या आठवड्यात तीच घेऊ.